नान्हेपाऱ्याचा गुरुवार

अनुश्रीच्या घरात दोन गोष्टींना बंदी होती. एक, जेवताना मोबाईल. दुसरी, घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणणं. पहिली बंदी सगळेच मोडत, आणि बाबा तर सगळ्यांच्या आधी, कारण मंत्रालयातून कधी फोन येईल याचा नेम नसे. दुसरी मोडायची मात्र कोणाची छाती नव्हती. दारात चपला अडकवताना कोणाच्या तोंडून ‘जातो’ निसटलंच, तर आई लाटणं हातात घेऊन बाहेर येई. “जातो काय? येतो म्हण!” मग तो माणूस कोणीही असो, त्याला ‘येतो’ म्हणूनच सुटका. गॅसवाला भैयासुद्धा रिकामं सिलिंडर खांद्यावर टाकून मुकाट्यानं “आता हूँ दीदी” म्हणे आणि पुढचे दोन महिने फिरकत नसे. पियुषदादाही पुण्याच्या नोकरीवर निघाला तेव्हा स्टेशनवर ‘येतो’ म्हणाला होता. त्याला आता दीड वर्ष झालं.

तेव्हा अनुश्रीच्या तोंडात हा शब्द जन्मापासून बसलेला. त्यानं पुढे एवढा घोळ होईल असं कोणाला वाटलं असतं?

अनुश्री अकरावीत. दहावीपर्यंत ही पोरगी वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायलाही घाबरायची. तिच्या वतीनं शेजारची पूर्णिमा ओरडायची. मग एके दिवशी शाळेच्या प्रार्थनेत सूत्रसंचालन करणारी ताई आजारी पडली आणि बाईंनी समोर दिसली तिच्या हातात माईक कोंबला. तो अनुश्रीचा हात होता. पहिलं वाक्य थरथरत गेलं, दुसरं जरा बरं, आणि तिसऱ्याला अख्खं मैदान हसलं, म्हणजे तिला हवं तिथेच हसलं. त्या दिवसापासून तिचं तोंड जे उघडलं ते उघडलंच. रिक्षावाल्याशी, फुलवालीशी, पंडरी बाजारातल्या कापडवाल्या शेठशी, सगळ्यांशी तिचं चालू. “पोट्टीच्या जिभेला चाकं लागली,” असं आई कौतुकानं आणि जरा धसक्यानंही म्हणे.

आणि नेमक्या त्याच वर्षी त्यांनी जुन्या रायपुरातला तात्यापारा सोडला.

बाबांना नव्या रायपुरात सरकारी घर मिळालं होतं. आठ मजली इमारत, दोन बाल्कन्या, लिफ्ट. आणि मजल्यावरच्या चार दारांपैकी तीन दारांना कुलूप. खाली रस्ता एवढा रुंद की तात्यापाऱ्याची अख्खी गल्ली त्यात आडवी झोपली असती. मधोमध बोगनवेल, दोन्ही बाजूंनी दिव्यांचे खांब, आणि चालणारं माणूस औषधालाही नाही. मोटारी होत्या, त्या सूंऽऽ करून यायच्या, सूंऽऽ करून जायच्या, काचा वर. चौकातला सिग्नल कोणासाठी लाल होई आणि कोणासाठी हिरवा, ते त्यालाच ठाऊक. बस तासाला एक, तीही तिच्या मनात असेल तर. तात्यापाऱ्यात खिडकीतून ‘पूर्णिमाऽऽ’ अशी हाक मारली की समोरच्या खिडकीतून तीन बायका ‘ती अंघोळीला गेली’ म्हणून सांगायच्या. इथे अनुश्रीनं बाल्कनीतून एकदा उगाच जोरात ‘ओऽऽ’ केलं. समोरच्या रिकाम्या इमारतीनं तेवढंच परत दिलं. खालचा गार्ड मान वर करून म्हणाला, “कुछ गिरा क्या, दीदी?”

पूर्णिमा पहिल्या महिन्यात रोज फोन करायची. मग दिवसाआड. मग तिला दुसरी मैत्रीण मिळाली, आणि त्यात तिची काही चूकही नव्हती. बोलायला यायला लागलं तेव्हाच ऐकणारं कोणी उरलं नाही, असं अनुश्रीचं झालं होतं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी बाबांच्या ऑफिसची सहल निघाली, धमतरीकडच्या एका धरणावर. सहलीचे सूत्रधार बाबारावकाका, म्हणजे बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे, मूळचे वर्ध्याचे, पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. “चला रे चला, नाव लागून राहिली! पोहता येते त्यानं नाकाकडे बसा, नाही येत त्यानं माह्याजवळ बसा, मी तरंगतो!” असं म्हणून त्यांनी चौदा माणसं एका मोटारीच्या नावेत भरली.

धरणाच्या पोटात तीन बेटं होती. नाव चालवणारे कका, इकडे काकाला कका म्हणतात, ते सुकाणू धरून सांगत होते की ही बेटं काही आधीपासूनची नव्हेत. इथे एक गाव होतं. त्याचे तीन पारे, म्हणजे तीन वस्त्या, टेकड्यांवर होत्या, आणि बाकी गाव खाली सपाटीत. धरणाचं पाणी चढलं, खालचं गाव गेलं, वरचे पारे राहिले. ऊपरपारा, महुआपारा आणि नान्हेपारा. बहुतेकांना दुसरीकडे जमिनी मिळाल्या, ते गेले. थोडे वर चढले आणि तिथेच बसले.

“पारा?” अनुश्री टुणकन उठली तशी नाव डुलली आणि दोघी-तिघी किंचाळल्या. “कका, मैं भी पारे की हूँ! तात्यापारा!”

“बैस खाली,” आई म्हणाली.

ऊपरपाऱ्यावर त्यांनी अर्धा तास काढला. पंचवीस-तीस घरं, शेणानं सारवलेली अंगणं, पायवाटा. गाडी नाही. एक मोटारसायकल तेवढी होती. कोणा जावयाला हुंड्यात मिळालेली ती नावेत घालून हौसेनं आणली होती, आणि आणल्यावर लक्षात आलं की चालवायला रस्ताच नाही. आता तिच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि आरशात स्वतःकडे बघत होती. बाकी सगळीकडे शांतता. पण नव्या रायपुरातली नव्हे. तिथल्या शांततेत कान दुखायचे. इथल्या शांततेत कोणाचं तरी खोकणं, कोणाचा तरी मुसळाचा ठोका, पाण्यावरून आलेली बकरीची बें, असं सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. ऑफिसच्या मंडळींनी फोटो काढले, नेटवर्क नाही म्हणून हळहळले आणि भजी गार होतील म्हणून परत निघाले.

वाटेत नान्हेपारा. छत्तीसगढीत नान्हे म्हणजे लहान. होताही तो लहानच: एक टेकडी, दोन मोहाची झाडं, एक घर. तिथे ककांना मिठाची पुडी आणि चहापत्ती द्यायची होती.

“यहाँ कौन रहता है?” अनुश्रीनं ककांना विचारलं.

“भीमाबाई.”

“और?”

“और कोई नहीं.”

“मैं देके आती हूँ!” अनुश्रीनं पुडी हिसकावली आणि कोणी काही म्हणायच्या आत उडी मारली. आणि उडी मारायला नि नावेचं इंजिन बंद पडायला एकच गाठ पडली. कका दोरी ओढू लागले, बाबारावकाका सल्ले देऊ लागले. इंजिन सुरू व्हायला पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात घाटावर, म्हणजे पाण्याकाठच्या चार सपाट दगडांवर, भीमाबाई तिवऱ्याच्या, म्हणजे लाखोळीच्या, हिरव्या शेंगा सोलत बसली होती आणि अनुश्री बोलत होती. भीमाबाई सत्तरीची तरी असेल. अनुश्री तिला दाई म्हणू लागली, म्हणजे आई. हडकुळी, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातावर निळं गोंदण. ती छत्तीसगढी बोले, अनुश्री हिंदी. मध्येच अडलं की मराठी. पण अडत कोणाचंच नव्हतं, कारण बोलत एकटी अनुश्रीच होती. माईकची गोष्ट, पूर्णिमाची गोष्ट, लिफ्ट, कुलपं, लाल-हिरवा होणारा सिग्नल. म्हातारी शेंगा सोले, दाणे टोपलीत टाके, चार दाणे अनुश्रीच्या तळहातावर ठेवी आणि “हव” म्हणे. हव म्हणजे हो. पण ते असं म्हणे की पुढचं सांगावंसंच वाटे. फोनमध्ये न बघता एवढा वेळ आपल्याकडे कोणी शेवटचं कधी बघितलं, हे अनुश्रीला आठवेना.

“मैं भी पारे की हूँ, दाई. तात्यापारा.”

भीमाबाईचा हात थांबला. “तोरो पारा बूड गे का?” तुझाही पारा बुडाला का?

“नहीं, नहीं! वो तो है. रायपुर में.” अनुश्री हसली. मग तिचं हसू कुठेतरी अडकलं. तात्यापारा जिथल्या तिथे होता. फक्त ती त्यात नव्हती.

तेवढ्यात इंजिन फडफडलं. “चल ओ पोट्टे, बंद पडन पुन्हा!” बाबारावकाका ओरडले. अनुश्री नावेत चढली, वळली, आणि जिभेनं आपलं रोजचं काम केलं. फक्त हिंदीत केलं.

“आती हूँ, दाई!”

म्हातारी उठून उभी राहिली. तिनं काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या फडफडीत अनुश्रीला फक्त ‘बिर’ का ‘बिरस’ असं ऐकू आलं. काहीतरी आशीर्वाद असणार, जुनी माणसं निघताना देतात तसा. आणि आपल्याला छत्तीसगढीतला एक तरी शब्द येतो या आनंदात अनुश्री दोन्ही हात हलवत ओरडली, “हव! हव, दाई!”

घरी येऊन तिनं ही सगळी हकिगत पियुषदादाला फोनवर सांगितली. तो म्हणाला, “भारी. बरं, ठेवतो, मीटिंग आहे. येतो मार्चमध्ये.” पूर्णिमाला कोंबडीचा फोटो पाठवला. तिच्याकडून हसणारा चेहरा आला. एक.

मग शाळा, युनिट टेस्ट, बस, बाल्कनी.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी बाबारावकाका चहाला आले. त्यांच्याकडे अमरावतीहून पाहुणे आले होते आणि त्यांना घेऊन ते परवा गुरुवारी पुन्हा धरणावर जाऊन आले होते. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि एकदम आठवल्यासारखं म्हणाले, “अवो अनुश्रीबाई! तुह्या म्हातारीनं मले पकडलं ना तिथी!”

“कोणती म्हातारी?”

“ते नान्हेपाऱ्याची. नाव थांबली का लगेच पाण्यात उतरून आली. एकेक तोंड पाहून राहिली. मले म्हणते, नोनी नइ आइस? म्हणजे पोट्टी नाही आली काय. म्या म्हटलं कोण पोट्टी? तर कका सांगते, तुमची ते बडबडी. दर बिरस्पतले म्हातारी घाटावर बसून राहते, ताट झाकून. बजाराच्या नावेची वाट पाहते.” काका मनापासून हसले. “तू काय सांगून आली होती वं तिले?”

“बिरस्पत म्हणजे?” अनुश्रीनं विचारलं. पण विचारता विचारताच तिला कळलं.

“गुरुवार ना बापा! बृहस्पतवार. एवढी वर्षं रायपुरात राहून तुले बिरस्पत नाही समजत? गुरुवारी तिकडचा बजार, त्याच दिवशी लोकायची नाव चालते.”

बिर. बिरस. ‘बिरस्पत के?’ म्हणजे गुरुवारी का? आणि आपण दोन्ही हात हलवून ‘हव, हव’.

अनुश्री मनातल्या मनात गुरुवार मोजू लागली. पाच झाले होते.

“अगं, एवढं काय तोंड पाडतेस?” आई म्हणाली. “आपण म्हणतोच की येते म्हणून. त्यांच्यात तसं नसेल. तिला कळलं नाही, तुलाही कळलं नाही.”

“मग आता?”

“आता काय? ककांना निरोप देईल कोणीतरी. का हो?”

“देऊ ना,” बाबा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले. “नंबर आहे माझ्याकडे. सांगतो, ती येणार नाही म्हणून.”

“असं नका सांगू,” अनुश्री म्हणाली.

“मग काय सांगू?”

हाच तर प्रश्न होता. ती रात्रभर कूस बदलत निरोप जुळवत राहिली. ‘ती येणार नाही.’ नको. ‘ती येणार आहे, पण कधी ते माहीत नाही.’ हे तर त्याहून वाईट. मग म्हातारी रोजच बसेल. ‘तिला तसं म्हणायचंच नव्हतं, ती फक्त आमच्याकडची म्हणण्याची पद्धत आहे.’ हा निरोप खरा होता. पण इंजिनाच्या फडफडीत, दुसऱ्याच्या तोंडून, मिठाच्या पुडीबरोबर हे कोण कसं सांगणार? हे जाऊनच सांगायला हवं होतं. ज्या तोंडानं बोललं, त्याच तोंडानं. नाहीतर म्हातारी तशीच बसणार, ताट झाकून.

सकाळी तिनं जाहीर केलं, “येत्या गुरुवारी मी जाणार.”

“जाणार नाही, येणार म्हण,” आई सवयीनं म्हणाली, आणि मग तिला काय ऐकलं ते समजलं. “काय? एकटी?”

मग जे व्हायचं ते झालं: अभ्यास, मुलगी, पाणी, लोक काय म्हणतील. पण ही काही हजेरीला घाबरणारी अनुश्री राहिलेली नव्हती. गुरुवारी शाळेला सुट्टी होती. बाबारावकाकांना ऑफिसच्या कामानं धमतरीला जायचंच होतं. ते धरणाच्या काठावर नावेपाशी सोडणार, चारला परत घेणार. तिनं ही सगळी जुळवाजुळव आधीच फोनवरून केली होती. बाबा आईकडे बघून म्हणाले, “हिला माईक कोणी दिला होता गं?”

बाजाराची नाव म्हणजे सहलीची नाव नव्हे. नाव तीच, कका तेच. पण आज तिच्यात तेलाचे डबे होते, कांद्याची पोती, नवी घमेली, दोन बकऱ्या आणि बाजार करून परत निघालेल्या बायका. त्यांनी अनुश्रीकडे बघितलं आणि आपसात काहीतरी कुजबुजल्या. एकीनं सरकून जागा दिली. “ए ह भीमाबाई के नोनी आय,” ती दुसरीला म्हणाली. भीमाबाईची पोरगी. सगळ्या नावेला माहीत होतं. अनुश्री अख्ख्या प्रवासात एक अक्षर बोलली नाही. एका बकरीनं तिच्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं, तेही तिनं चघळू दिलं.

नान्हेपारा दिसायला लागला तशी घाटावर एक लहानशी आकृती दिसायला लागली. बसलेली. नाव जवळ गेली तरी ती उठली नाही. अनुश्री उतरली तेव्हा भीमाबाईनं फक्त मान वर केली.

“आ गेस?” आलीस? “अब्बड बेरा कर देस.” फार उशीर केलास.

बस, एवढंच. जसं काही पोरगी शेजारच्या पाऱ्यावर मीठ मागायला गेली होती आणि गप्पांत रमली. रागही नाही, आनंदाचा उमाळाही नाही. शेजारी पितळी ताट होतं, पळसाच्या पानांनी झाकलेलं. तिनं पानं काढली. तांदळाचे दोन चीले, म्हणजे धिरडी, आणि टोमॅटोची चटणी. चीले कडेनं वाळले होते. सकाळचे असणार.

“खा ले.”

अनुश्री खायला बसली. मागच्या पाच गुरुवारी हे ताट कोणी खाल्लं असेल? हिनंच, संध्याकाळी, एकटीनं? की कोंबड्यांना घातलं असेल? विचारायचं धाडस झालं नाही. येताना वाटेत तिनं भाषण तयार केलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट, सगळं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना.

“दाई,” ती शेवटी म्हणाली, “एक बात बोलनी है.”

“हव.”

“उस दिन मैं बोली थी ना, आती हूँ. वो... हमारे घर में, हम मराठी लोगों में, निकलते टाइम ऐसे ही बोलते हैं. ‘जाती हूँ’ नहीं बोलते. अच्छा नहीं मानते. तो ‘आती हूँ’ बोलते हैं. मतलब...” तिनं चील्याचा एक तुकडा मोडला. “मतलब, उसका मतलब आना नहीं होता.”

भीमाबाई शेंगा सोलत नव्हती. आज तिच्या हाताला काही काम नव्हतं. ती नुसतीच बसली होती, पाण्याकडे तोंड करून. मग तिनं हळूच, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं:

“त जउन ह सिरतोन म नइ आवय, तउन का कहिथे?”

मग जो खरंच येणार नसतो, तो काय म्हणतो?

अनुश्रीनं विचार केला. तिनं आजवर असा विचार कधी केलाच नव्हता. पियुषदादा. गॅसवाला. तात्यापारा सोडताना ट्रकमध्ये बसलेली ती स्वतः आणि खिडकीतली पूर्णिमा. ‘येते गं!’ ‘ये गं!’

“वो भी यही बोलता है,” ती म्हणाली. “आती हूँ.”

भीमाबाई हसली. तिला वरचे दात नव्हते, आणि हसली की ती एकदम लहान पोरीसारखी दिसे. “त तुंहर म कोनो जाबेच नइ करय!” मग तुमच्यात कोणी जातच नाही की!

अनुश्रीलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, आणि तिनं ते चटणीवर ढकलले.

मग भीमाबाईनं सांगितलं, तेही दोनच वाक्यांत, कारण ती काही बोलघेवडी नव्हती. तिचा मुलगा रायपुराकडे कामाला गेला, तिकडे नवीन शहर होत होतं, मोठमोठे रस्ते होत होते, तिथे. निघताना याच दगडावर उभा राहून म्हणाला, ‘जाथंव दाई.’ जातो, आई.

“अउ गिस,” ती म्हणाली. आणि गेला. “सिरतोन कहे रहिस.” खरं तेच बोलला होता.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. अनुश्रीच्या डोळ्यांसमोर बाल्कनीखालचा रस्ता आला, रुंद, रिकामा. तो कोणी केला असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती बोलणार होती की दाई, मी तिथेच राहते. पण त्यानं काय झालं असतं? तिनं चीला संपवला. दोन्ही संपवले. मग म्हातारीनं पाणी दिलं, आणि दोघी पाण्याकडे बघत बसल्या. या वेळी अनुश्रीनं काहीच सांगितलं नाही, आणि म्हातारीही ‘हव’ म्हणाली नाही. ऊपरपाऱ्यावरून मुसळाचा ठोका येत होता. मध्ये थांबायचा, पुन्हा यायचा.

परत जाणाऱ्या नावेची फडफड दुरून ऐकू आली तेव्हा भीमाबाईनं ताट पाण्यात विसळलं आणि तिच्याकडे न बघताच म्हणाली, “ए दारी सिरतोन कहिके जा, नोनी.”

या वेळी खरं सांगून जा.

नाव लागेपर्यंत चार-पाच मिनिटं होती. त्या चार-पाच मिनिटांत अनुश्रीनं सगळे शब्द चाचपून बघितले. ‘फिर मिलेंगे.’ कधी? ‘देखती हूँ.’ हे बाबा नको असलेल्या माणसाला म्हणायचे. ‘फोन करती हूँ.’ इथे कुठला फोन! पुढच्या महिन्यात वार्षिक परीक्षा. मग बारावी, क्लास. मग बहुतेक पुणे, दादासारखंच. काकांची गाडी काय दर गुरुवारी मिळणार होती? ती पुन्हा येऊही शकत होती, उन्हाळ्यात, पुढच्या वर्षी. पण ‘शकते’ एवढ्यावर म्हातारीनं किती गुरुवार बसायचं? एकदा आली, म्हणून ती आता जास्तच वाट बघेल. खोटं बोलणं किती सोपं होतं! नुसती जीभ सैल सोडायची, बाकीचं ती आपणहून करते.

कका म्हणाले, “चल नोनी.”

ती चढली, वळली, नावेची कड धरून उभी राहिली. ‘येते’ हा शब्द ओठांवर आलाच होता. तिनं तो गिळला. उंबऱ्यावर आई लाटणं घेऊन उभी असल्यासारखं वाटलं.

“जाती हूँ, दाई,” अनुश्री म्हणाली.

शब्द इतका लहान होता. पण नावेतल्या बायका भीमाबाईकडे बघू लागल्या.

भीमाबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. माणूस तोंडावरून ओळखून ठेवावा तसं. मग म्हणाली, “हव. जा.”

तिनं ताट काखेत घेतलं आणि वळली. नाव अजून काठ सोडत होती, इंजिन पुरतं धरलंही नव्हतं, तोवर ती चढण चढू लागली होती. मागे वळून बघितलं नाही. मोहाच्या पहिल्या झाडापाशी क्षणभर थांबली, दम खायला असेल, आणि घरात गेली.

घाटावरचे चार दगड मोकळे झाले. अनुश्रीनं हेच तर करायला एवढा प्रवास केला होता. तरीही ते दगड दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली, आणि त्यांच्यावर कोणी असावं असं तिला एवढं वाटलं, एवढं वाटलं, की शेजारच्या बाईनं विचारलं, “काबर रोथस, नोनी?” का रडतेस?

“धुआँ,” अनुश्री म्हणाली. इंजिनाचा धूर उलट्या दिशेला जात होता.

परतीच्या रस्त्यात बाबारावकाकांनी तिला धमतरीची जिलेबी खाऊ घातली आणि बरेच विनोद सांगितले. शेवटी विचारलं, “मग? काय म्हणे म्हातारी?”

“हव म्हणाली.”

“बस? एवढ्यासाठी एवढ्या दूर?”

“हो.”

काकांनी तिच्याकडे तिरकं बघितलं आणि पुढे विनोद केला नाही. नव्या रायपुरात शिरले तेव्हा खांबांवरचे दिवे एकामागोमाग लागत होते. चौकात सिग्नल लाल होता. आजूबाजूला एकही गाडी नव्हती, तरी काका थांबले. अनुश्री काच खाली करून रस्त्याकडे बघत होती, कडेच्या दगडांकडे, एकेकाकडे, एवढ्या लांबवर कोणी बसवले असतील ते.

इमारतीच्या फाटकापाशी ती उतरली. काकांनी गाडी वळवली, खिडकीतून हात बाहेर काढला.

“चल मग अनुश्रीबाई, येतो!”

“कधी?” अनुश्रीनं विचारलं.

काकांना ऐकू गेलं नाही बहुधा. त्यांनी हात हलवला. ती फाटकापाशी उभी राहिली, आणि गाडीचे दोन लाल दिवे त्या सरळ रस्त्यावर फार वेळ दिसत राहिले, कारण मध्ये यायला काहीच नव्हतं.